समेची वाट पाहणारा कॅमेरा

पनवेलच्या आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात शास्त्रीय गाण्याची मैफल आहे आणि आयोजकांनी तुम्हाला फोटो काढायची परवानगी दिली आहे, असं धरू. फ्लॅश मारायचा नाही. डोळे मिटून गाणाऱ्या माणसावर उजेड फेकणं मला तरी पाप वाटतं. खुर्ची कडेची धरा. समोरून बसलात तर माइक नेमका ओठांवर येतो.

रंगमंच दहा मीटरवर असेल, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्याला लावलेली ७०-२०० ची लेन्स २०० मिलिमीटरला आडव्या चौकटीत साधारण १.२ मीटर उंचीचा भाग घेते. बैठकीवरची गायिका आणि तिचा वर गेलेला हात त्यात बसतो. चेहरा जवळ आला, आता प्रश्न उजेडाचा.

लेन्सवर एफ २.८ लिहिलेलं असतं. २०० ला २.८ ने भागा: सुमारे ७१ मिलिमीटर. एवढ्या रुंद तोंडातून प्रकाश आत यायचा, म्हणून ही लेन्स जाड आणि जड असते. स्वस्तातली ७०-३०० लांबवली की बहुधा ५.६ वर येते आणि प्रकाश चौथाईवर. मग १/२५० चं शटर १/६० वर आणा, नाहीतर आयएसओ ३२०० वरून १२८०० वर न्या. माझं मत विचाराल तर आयएसओ वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा कंप सावरतं. तान घेताना फिरणारा गायिकेचा हात त्याला थांबवता येत नाही.

काळा पडदा पाहून कॅमेरा सगळंच उजळवतो आणि चेहरा पांढराफटक पडतो. त्यामुळे मोजमाप चेहऱ्यावरूनच घ्या आणि मॅन्युअलवर कायम ठेवा. लाल एलईडीखाली आणखी थोडं कमी करा, नाहीतर गालाचा सगळा पोत लाल रंगात बुडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. मूक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटले, तर १/१०० करून पाहा.

२०० ला, २.८ वर, दहा मीटरवर स्पष्टतेची खोली जेमतेम ४० सेंटिमीटर असते. मागचे तंबोरे छान विरघळतात, पण फोकस माइकने पळवला तर चेहराही थोडा मऊ पडतो. फोकसचा बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवा.

पण १/१०० ला हलता हात कसा धरायचा? इथे ठेका कानात असावा लागतो. विलंबित एकतालात १२ मात्रांच्या एका आवर्तनाला कधी कधी जवळजवळ मिनिट लागतं. तोवर बोट नुसतं टेकवून ठेवा. मुखडा सुरू झाला की हात उचलला जातो, समेवर तो खाली येतो आणि क्षणभर सगळं थांबतं. समेनंतरच्या त्या श्वासात गायिका तबलजीकडे बघते. त्या वेळी १/१०० सुद्धा पुरतं.