डाउन्टनचा वाडा आणि मोल्स्ली मास्तर

— द्वितीय वर्ष, कला

'डाउन्टन ॲबी' या इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेचा शेवटचा भाग २५ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळच्या रात्री इंग्लंडमध्ये दाखवला गेला. सहा पर्वे आणि ५२ भाग एवढा तिचा पसारा. लग्ने लागली, रुसवे मिटले, ज्याचे त्याला मिळाले. गोष्ट संपली होती. तरीही २०१९ साली तिच्यापुढचा चित्रपट निघाला, २०२२ साली दुसरा आणि २०२५ साली तिसरा. संपलेली गोष्ट पुन्हा चालू करायची म्हणजे काय करावे लागते, आणि ती चालू करताना कोणाला परत बोलावले जाते व कोण बाहेरच राहते, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. गोष्ट सुरू होते एप्रिल १९१२ मध्ये. टायटॅनिक बोट बुडते आणि तिच्याबरोबर लॉर्ड ग्रँथम या उमरावाच्या घराण्याचे दोन वारस बुडतात. लॉर्डसाहेबांना तीन मुली आहेत, पण इस्टेट किताबाला बांधलेली, आणि किताब जाणार जवळच्या पुरुष नातेवाइकाकडे. म्हणजे मुली असूनही घर निपुत्रिक! हे दुखणे समजायला आपल्याला टीपा लागत नाहीत. लेखक ज्युलियन फेलोज यांनी या धाग्यावर महायुद्ध, साथीचा ताप, मोटारी, टेलिफोन असा सगळा काळ ओवला आणि मालिका १९२५ सालाच्या अखेरीस आणून सोडली.

पण मालिकेचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ती एकाच वेळी दोन मजल्यांवर घडते. वर मालक मंडळी. खाली स्वयंपाकघर, चाकरांची जेवणाची खोली आणि भिंतीवर घंटांची रांग. वरच्या खोलीत दोरी ओढली की खाली त्या खोलीची घंटा वाजते आणि कोणीतरी घास टाकून उठते. या चाकरांतही उतरंड आहे. सर्वांच्या वर बटलर, म्हणजे कार्सन. चांदीची भांडी, मद्याचे कोठार आणि पंगतीची शिस्त त्याच्याकडे. किल्ल्या सांभाळणारी मिसेस ह्यूज, स्वयंपाकीण मिसेस पॅटमोर, वर्दी घालून ताटे फिरवणारे फुटमन, आणि सर्वांच्या शेवटी पहाटे उठून चुली पेटवणारी डेझी.

गंमत अशी की हे दोन मजले एका इमारतीत नाहीतच. वरचा मजला म्हणजे हॅम्पशायरमधला हायक्लेअर कॅसल हा खराखुरा वाडा. (तुतनखामेनच्या थडग्याचा शोध १९२२ साली ज्यांच्या पैशावर लागला ते लॉर्ड कार्नार्व्हन याच वाड्याचे मालक.) पण तिथले जुने स्वयंपाकघर आता तसे उरलेले नाही, म्हणून खालचा मजला लंडनजवळच्या ईलिंग स्टुडिओत उभारला होता. फुटमन हातात ताट घेऊन जिना चढू लागतो ईलिंगमध्ये आणि दारातून बाहेर पडतो हॅम्पशायरमध्ये. दोन मजल्यांतले अंतर किती, हे लेखकाने सांगण्याआधी चित्रीकरणानेच सांगून टाकले आहे.

आता चित्रपटाची अडचण पाहू. मालिकेला सहा वर्षे होती. एका पात्राचे दुःख आज दाखवले, दुसऱ्याचे पुढच्या आठवड्यात. चित्रपटाला मिळतात दोन तास, आणि पात्रे तर वीसहून अधिक. शिवाय प्रत्येक प्रेक्षकाचे आवडते माणूस वेगळे. ते दिसले नाही तर तो रागावणार. यावर फेलोज यांनी जो उपाय शोधला तो आपल्या कोणत्याही घराला माहीत आहे. घरात मोठे कार्य काढायचे! कार्य निघाले की सगळे येतात, प्रत्येकाला काम लागते आणि कोणी का आला असे विचारावे लागत नाही. २०१९ च्या चित्रपटातले कार्य म्हणजे १९२७ साली राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांचा डाउन्टनला एक रात्र मुक्काम. मालिकेच्या आरंभी वाईट बातमीची तार आली होती. चित्रपटाच्या आरंभी राजवाड्याचे पत्र येते. पत्र आगगाडीने निघते, टपालवाल्याच्या हाती पडते, आणि मग दुरून वाडा दिसतो. जुन्या प्रेक्षकाला तेवढी खूण पुरते.

पण राजाबरोबर राजाचे चाकर येतात. त्यांचा बटलर, त्यांचा फ्रेंच आचारी, त्यांची किल्लेदारीण. डाउन्टनच्या माणसांना सांगण्यात येते की तुम्ही बाजूला व्हा. आणि इथे बंड होते. निवृत्त झालेला कार्सन यासाठीच परत आलेला. ॲनाच्या पुढाकाराने आचाऱ्याला झोपेचे औषध दिले जाते, राजाच्या फुटमनांना खोटा निरोप देऊन लंडनला धाडले जाते, त्यांच्या बटलरला खोलीत कोंडले जाते, आणि राजाला जेवण डाउन्टनचीच माणसे वाढतात.

हे मी वसतिगृहात मैत्रिणीच्या मोबाईलवर पाहिले तेव्हा आम्ही दोघीही हसलो. बंड कशासाठी? पगारासाठी नव्हे, सुट्टीसाठी नव्हे, तर सेवा करायला मिळावी म्हणून! आदल्याच वर्षी, मे १९२६ मध्ये, ब्रिटनमध्ये सार्वत्रिक संप झाला होता. त्याची झळ या घराला कुठेच लागलेली दिसत नाही. फक्त डेझीला राजाचे काडीचे कौतुक नाही, आणि ती ते बोलून दाखवते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा ही गोष्ट आजीला सांगितली. आजीने उभे आयुष्य एका वाड्यावर दळण-कांडण आणि भाकऱ्या केल्या. जायची यायची ती मागच्या दाराने. ती हसली नाही. म्हणाली, "बारा महिनं भाकरी आमी थापायची, अन् लगीन निघालं की आचारी पुण्यातनं आनायचा. पाव्हनं जेवून वा वा करनार ती त्याची. मग इतकी वरसं आमी काय केलं गं?" आजीच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. ज्या कामाने हात झिजले ते काम महत्त्वाच्या दिवशी दुसऱ्याच्या हाती गेले तर होणारे दुःख खोटे नसते. ते चित्रपटाने अचूक पकडले आहे. मात्र आजीच्या बोलण्यात पुढचा प्रश्नही आहे, आणि चित्रपट त्याच्या आधीच थांबतो.

मला जास्त टोचला तो मोल्स्ली. मालिकेत हा माणूस सतत पडत-धडपडत असतो. नोकरी जाते, रस्त्यावर डांबर टाकायची वेळ येते, पुन्हा फुटमन होतो. पण त्याला वाचनाचे वेड. शेवटच्या पर्वात गावच्या शाळेचे हेडमास्तर त्याची परीक्षा घेतात आणि त्यात तो उत्तम उतरतो, शिक्षक होतो. पहिल्या तासाला मुले दाद देत नाहीत. मग तो त्यांना सरळ सांगतो की मी चाकर होतो, जे काही शिकलो ते स्वतः शिकलो. आणि मुले ऐकू लागतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिला.

आणि चित्रपटात हाच मास्तर राजा येणार म्हणताच शाळा सोडून धावत येतो, वर्दी अंगावर चढवतो आणि पंगतीत राणीशी भान सुटल्यासारखा बोलून बसतो. प्रेक्षकगृहात हशा पिकवणारा प्रसंग आहे. माणूस असा वागेल हे पटतेही. जन्मभर ज्या शिस्तीत मान-अपमान मोजले ती दोन वर्षांत अंगातून जात नाही. पण माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. वाडा हीच या गोष्टीची चौकट आहे. शाळेत शिकवणारा मोल्स्ली चौकटीबाहेर गेला, म्हणून त्याला आत घेण्यासाठी पुन्हा वर्दी घालावी लागली.

दुसरा चित्रपट, काळ १९२८, या बाबतीत पुष्कळ सरस आहे. वाड्याचे छप्पर गळते आहे आणि पैशासाठी लेडी मेरी एका सिनेमा कंपनीला वाड्यात चित्रीकरण करू देते. मूकपट चालू असतानाच बोलपटांची लाट येते आणि नायिकेची पंचाईत होते. रूप सुंदर, पण बोली लंडनच्या गरीब वस्तीतली. मग तिच्या ओठांना मेरीचा आवाज लावतात. ज्याच्या तोंडून भर वर्गात 'पाणी' ऐवजी 'पानी' निघाले आहे त्याला या नटीची तडफड वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. इथे मोल्स्ली संवाद लिहितो, आणि चांगले लिहितो. शेवटी पैसे थकले म्हणून गर्दीतले नट काम सोडून जातात, तेव्हा खालच्या मजल्यावरची सगळी माणसे भारी कपडे घालून वरच्या मेजावर बसतात. मिसेस पॅटमोर, डेझी, सगळी. कॅमेरा चालू असेपर्यंत.

याच चित्रपटात आजीसाहेब व्हायोलेट मरण पावतात. ती भूमिका करणाऱ्या मॅगी स्मिथ २७ सप्टेंबर २०२४ रोजी खरोखरच गेल्या, आणि तिसरा चित्रपट त्यांना अर्पण केला आहे. तो १९३० सालचा. लॉर्डसाहेब कारभार मेरीच्या हाती देतात, मिसेस पॅटमोरच्या जागी डेझी येते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे मला फार सापडले नाही. निरोपसमारंभाला असते तेवढेच नाट्य त्यात आहे.

या तिन्ही चित्रपटांत मी ग्वेनला शोधत होते. ग्वेन पहिल्या पर्वातली मोलकरीण, शेतमजुराची मुलगी. टपालाने टंकलेखन शिकते, यंत्र खोलीत लपवून ठेवते, आणि धाकट्या मालकीणबाई सिबिल यांच्या मदतीने टेलिफोनवाल्याकडे सेक्रेटरीची नोकरी मिळवून वाडा सोडते. पुढे २०१५ च्या पर्वात एकदाच ती परत येते, पाहुणी म्हणून. तिचा नवरा सामान्य घरातल्या स्त्रियांसाठी चालणाऱ्या एका कॉलेजच्या कामात आहे. ती वरच्या मेजावर जेवायला बसते आणि घरातले कोणी तिला ओळखत नाही. ओळखते फक्त खालचे माणूस. ॲना तिला पाहताच ओळखते.