वाढीचा पहारेकरी

जपानांतील भातशेतांत कांहीं रोपें भराभर उंच वाढत, फिकीं पडत आणि दाणा न धरतां आडवीं होत. शेतकरी त्यांना ‘खुळीं रोपें’ म्हणत. हा प्रताप एका बुरशीच्या स्रावाचा, असें कुरोसावा यांनीं १९२६ सालीं दाखविलें. त्यांतील पदार्थास पुढें जिबरेलिन हें नांव मिळालें. निरोगी वनस्पतीही तो स्वतःच तयार करितात, हें मागाहून कळलें.

हें संप्रेरक वाढीस चाबूक मारीत असेल, असें आम्हांस वाटे. प्रकार उलटाच आहे. पेशींत ‘डेला’ नांवाचीं प्रथिनें पहाऱ्यावर असतात व वाढीच्या जनुकांना दाबून ठेवितात. जिबरेलिन आलें कीं पेशी या पहारेकऱ्यांचाच नाश करिते. जनुकें जागीं होतात, पेशी लांबतात, विभागतात आणि दांडा वर चढतो.

आपल्या ताटांतील पोळीचा संबंध याच पहारेकऱ्याशीं आहे. उंच गव्हास भरपूर खत दिलें कीं तो ओंब्यांच्या भारानें लोळे. जपानच्या ‘नोरिन १०’ या ठेंगण्या गव्हांतील पहारेकरी मात्र जिबरेलिनास दाद देत नाहीं. बोर्लॉग यांनीं त्याच्या वंशांतून काढलेल्या जाती १९६० नंतरच्या दशकांत आपल्याकडे आल्या. दांडा आखूड राहिला, खत पचलें, आणि अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांची वाट पाहण्याचे दिवस सरूं लागले.