स्कूटरला ट्रकने ठोकलं, कोड कोणता लावाल?

मेडिकल कोडिंगचं काम जालन्यात बसून करायचा विचार करताय? मग हे एक उदाहरण नीट समजून घ्या. एमआयडीसीत सळयांच्या ट्रकांची ये-जा तुम्ही रोज बघता. समजा, इलेक्ट्रिक स्कूटरवरच्या माणसाला असा ट्रक धडकला आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. आपल्याकडे कागदावर ‘आरटीए’ लिहिलं की बऱ्याचदा भागतं. अमेरिकेच्या क्लेमला तेवढं पुरत नाही, आणि बाहेरून येणारं कोडिंगचं काम मुख्यतः तिथलंच असतं.

तिथे ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही कोडची यादी चालते. आधी दुखापतीचा कोड, इथे एस८२.२०१ए. अपघात कसा झाला हे सांगणारा ‘व्ही’चा कोड त्याच्यानंतर, तो पहिल्या जागी कधीच बसत नाही.

खरी मेख ‘स्कूटर’ या शब्दात आहे. उभं राहून चालवायची छोटी इलेक्ट्रिक स्कूटर असेल, तर ही यादी त्या माणसाला चक्क पादचारी धरते! रस्त्यावर ट्रक किंवा बसची धडक बसली तर कोड व्ही०४.१३१ए. हा कोड ऑक्टोबर २०२० मध्ये आला. आपण जिला स्कूटी म्हणतो ती बसून चालवायची गाडी मात्र मोटरसायकलच्या गटात जाते: व्ही२४.४९एक्सए. बॅटरीची सायकल असेल तर व्ही२४.४१एक्सए. हे दोन्ही कोड चालवणाऱ्याचे. मागे बसलेल्याचा वेगळा. धडक कारखान्याच्या आवारात झाली तर तोही वेगळा, कारण तो रस्त्यावरचा अपघात नाही.

शेवटचा ‘ए’ म्हणजे मुख्य उपचार चालू आहेत. पहिली भेट असा त्याचा अर्थ बरेच जण लावतात, तो चूक.

‘व्ही’ कोडचे वेगळे पैसे मिळत नाहीत आणि तो सगळीकडे सक्तीचाही नाही. मग एवढी डोकेफोड कशाला? कारण बिल आरोग्य विम्याने भरायचं की गाडीच्या विम्याने, हा प्रश्न अपघाताच्या क्लेममध्ये उठतोच. माहिती अर्धवट असली की क्लेम अडकतो आणि क्लायंट तुम्हालाच फोन लावतो. कागदात नसलेलं मनाने भरू नका, डॉक्टरकडे लेखी विचारणा पाठवा.

इथल्याच हॉस्पिटलचं बिलिंग घेणार असाल तर हे ‘व्ही’ कोड बाजूला ठेवा आणि केंद्राची मे २०२५ ची कॅशलेस योजना वाचा. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या हॉस्पिटलात ७ दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत उपचार मिळतात. साध्या सायकलवाल्याला ट्रकने उडवलं तरी तो यात बसतो, कारण ट्रक मोटार वाहन आहे. पोलिसांकडून अपघाताची खातरजमा लागते, तेव्हा तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा.