छताखालची हातभर जागा

पाणी आणि गुहेचं छत यांच्यात जेमतेम हातभर जागा उरलेली असते. मागे बसलेला वाटाड्या एवढंच सांगतो: झोपा, आणि हात आत घ्या. पुढची दोन माणसं कायाकच्या तळाला पाठ टेकतात. चुनखडकाचं ओबडधोबड छत नाकासमोरून सरकायला लागतं, इतक्या जवळून की त्याला चिकटलेली कालवं एकेक करून दिसावीत. काही ठिकाणी एवढी जागाही पुरत नाही. मग वाटाड्या हवेच्या बोटीची झडप उघडतो, फुस्स आवाज होतो, बोट दोन-चार बोटं खाली बसते आणि पुढे सरकते. वल्हं आता निरुपयोगी झालेलं असतं. तो भिंतीला हात लावून, खडक चाचपत बोट ढकलतो. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास, मिट्ट काळोख, मग एक वळण, हिरवट उजेड, आणि बोट डोंगराच्या पोटातल्या उघड्या तळ्यात येऊन पोचते.

अशा तळ्याला तिथे ‘हाँग’ म्हणतात, म्हणजे खोली. थायलंडच्या दक्षिणेला, फुकेत बेटाच्या ईशान्येला फांग न्गा नावाचा उपसागर आहे. त्यातल्या अनेक बेटांच्या पोटात अशा खोल्या आहेत. मुंबईहून फुकेतला थेट विमान असल्यामुळे मराठी कुटुंबांना हा भाग आता परका राहिलेला नाही. सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत तिसऱ्या-चौथ्या दिवसासमोर ‘जेम्स बाँड आयलंड आणि कनूइंग’ अशी एक ओळ असते. त्यातल्या पहिल्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १९७४ साली आलेल्या बाँडपटात तिथला ता पू हा सुळका दिसला आणि तेव्हापासून त्याच्यासमोर फोटोसाठी रांग लागते. तळाशी निमुळता असलेला हा खडक झिजून कोसळू नये म्हणून १९९८ पासून बोटींना त्याच्याजवळ जायला बंदी आहे. ओळीचा दुसरा भाग मात्र पत्रिका छापणाऱ्याला वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

हे डोंगर समुद्रात उगवलेले नाहीत, समुद्र त्यांच्यात शिरला आहे. पंचवीस कोटी वर्षांहून जुना चुनखडक पावसाच्या किंचित आम्ल पाण्यात विरघळत गेला, त्यात भुयारं पडली, विवरं पडली, काही विवरांची छतं कोसळून आभाळ उघडं झालं. तेव्हा ही सगळी कोरडी जमीन होती. शेवटचं हिमयुग ओसरलं, पाणी चढलं आणि डोंगरांची बेटं झाली. ज्या विवराला समुद्रपातळीच्या आसपास एखादं भुयार जोडलेलं होतं तिथे भरतीचं पाणी आत-बाहेर करू लागलं. बेटांच्या भिंती पाण्याच्या रेषेत आत कोरल्या गेल्या आहेत. लाटा, खडक पोखरणारे जीव आणि पाण्याची रासायनिक चाटण यांनी मिळून ही खाच पाडली आहे. आजच्या रेषेच्या कितीतरी वर तशीच एक जुनी खाच दिसते. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा उंच होता, त्याची ती खूण. चांगला वाटाड्या ही वरची खाच बोटानं दाखवतो. बाकीचे वाटाडे दगडात हत्ती आणि मगर दाखवतात.

हाँगमध्ये पाऊल ठेवायला सहसा जागा नसते, आणि ते बरंच आहे. चारी बाजूंनी उभे कडे, त्यांना लटकलेली झुडपं, खाली गुडघाभर गढूळ पाणी आणि त्यात तिवरांच्या वाकड्या मुळांची जाळी. ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्यावर निवट्या उड्या मारतात आणि खेकडे एक नांगी हलवत बसतात. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला यात नवीन काही वाटू नये, पण वाटतं. आपलं खाजण सपाट, पसरलेलं असतं आणि वारा त्यातून वाहतो. इथे तेच खाजण कड्यांच्या कोंदणात बसवलेलं आहे. खेकडे खाणारी लांब शेपटाची माकडं कड्यावरून उतरतात. पर्यटकांनी त्यांना केळी चारून बिघडवलं आहे, ती आता थेट बोटीत उडी मारतात.

या सहलीचं खरं यंत्र म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक. प्रत्येक गुहेचं छत आणि उंबरठा वेगवेगळ्या उंचीवर आहे. पाणी फार चढलं की छताखाली फट राहत नाही. फार उतरलं की उंबरठ्यावरची कालवं उघडी पडतात, बोट अडकते आणि फाटतेही. म्हणजे प्रत्येक गुहेची दिवसातली आपापली वेळ असते आणि ती रोज पुढे सरकते. मालवण-वेंगुर्ल्याच्या मच्छीमाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि उधाण कधी, भांग कधी हे त्यांना कॅलेंडर न उघडता सांगता येतं. फांग न्गात उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढउतार करतं. मुंबईच्या मानानं हे कमीच. पण भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगानं चढत नाही. सुरुवातीला आणि शेवटी ते रेंगाळतं आणि मधल्या दोन तासांत निम्मी उंची गाठतं. सव्वा ते दीड मीटर पाणी दोन तासांत, म्हणजे मिनिटाला एक सेंटिमीटरहून थोडं जास्त. छताखाली हातभर फट असेल तर ती अर्ध्या-पाऊण तासात संपते. तेवढ्या वेळात आत जाणं, फिरणं, फोटो काढणं आणि बाहेर येणं सगळं उरकायचं असतं. शिवाय बाहेरून एखादी वेगवान बोट गेली तर तिची लाट भुयारात शिरते आणि ती फट तेवढ्यापुरती आणखी आक्रसते.

वेळ चुकली तर काय होतं? आतला माणूस बुडत नाही. खोलीला आभाळ असतं, हवा असते. तो पुढचे काही तास डासांच्या संगतीत पाणी उतरायची वाट बघत बसतो. वाटाड्याची नोकरी मात्र जाऊ शकते.

म्हणून वाटाड्या गुहेच्या तोंडाशी थांबतो. आपल्याला वाटतं, पुढची बोट बाहेर यायची वाट बघतोय. तो खडकावरची ओली रेषा बघत असतो. कोष्टक छापील असतं, पण वाऱ्याचा जोर आणि वरच्या अंगाला पडलेला पाऊस त्यात नसतो. वाटाड्यांपैकी बरेचजण आसपासच्या बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतले आहेत. ज्या ओल्या रेषेवरून बाप जाळं कधी टाकायचं ते ठरवायचा, तिच्यावरून मुलगा पर्यटकांना आत कधी न्यायचं ते ठरवतो.

बोटीविषयी थोडं सांगायला हवं, कारण कायाक म्हटलं की डोळ्यांसमोर लांब, अणकुचीदार, कंबरेपर्यंत आत बसायची होडी येते. मोकळ्या समुद्रात ती उत्तम. इथे ती कुचकामी. फांग न्गात हवा भरलेली, बुटकी, सपाट तळाची बोट लागते. ती ओंजळभर पाण्यावर तरंगते, जागच्या जागी वळते, खडकाला घासली तर दबते, आणि गरज पडली तर हवा सोडून तिची उंची कमी करता येते. कठीण प्लास्टिकच्या होडीला हे शेवटचं काम कधीच जमणार नाही. तिचा वेग मात्र यथातथाच. त्यामुळे मोठी बोट पर्यटकांना बेटाच्या अगदी जवळ आणून सोडते आणि कायाकनं कापायचं अंतर अगदी थोडं असतं.

शिवाय वल्हं वाटाड्याच्या हातात असतं. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. पैसे देऊन नुसतं बसायचं, मग हे कायाकिंग कसलं, असं ते म्हणतात. स्नायूंचा व्यायाम हवा असेल तर त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि बहुतेक कंपन्या गुहा झाल्यावर तासभर स्वतः वल्हवायला होडी देतातही. पण भुयारातल्या वळणावर नवशिक्याच्या हातात वल्हं देणं मला तरी पटत नाही. त्याच्या वल्ह्यानं हजारो वर्षांचे लवणस्तंभ मोडतात आणि कालवांच्या धारेनं त्याची बोटं कापतात. या सहलीत आपण विकत घेतो ते दुसऱ्याचं पाण्याचं ज्ञान.

ते ज्ञान विकायला काढणारा पहिला माणूस बाहेरचा होता. जॉन ग्रे हा अमेरिकन हवाईत समुद्री कनूच्या सहली चालवायचा. १९८९ मध्ये तो फुकेतला आला आणि बेटांना वळसे घालत, गुहेमागून गुहा तपासत त्यानं हाँगांचे रस्ते लावले. मच्छीमारांना आणि पाकोळ्यांची घरटी काढणाऱ्यांना यातल्या काही गुहा आधीपासून ठाऊक होत्या, त्यामुळे शोध लावला वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण पर्यटकाला आत न्यायचं तंत्र, योग्य बोट, वेळेचं गणित आणि आतली शिस्त हे त्याचं. त्याच्या ‘सी कनू’ कंपनीचे नियम कडक होते: एका वेळी मोजकी माणसं, आत बोलायचं नाही, धूम्रपान नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. स्थानिक मुलांना वाटाडे म्हणून तयार करायचं आणि कंपनीत वाटाही द्यायचा, असं त्याचं धोरण. पर्यावरणस्नेही पर्यटनाचा नमुना म्हणून कंपनीला बक्षिसं मिळाली. आणि बक्षिसांमागून नकलाकार आले. दहा वर्षांच्या आत डझनभर कंपन्या त्याच गुहांच्या तोंडाशी, त्याच भरतीला, रांगेत उभ्या होत्या. भरतीची वेळ कुणाला वाढवून मिळत नाही, त्यामुळे गर्दी दिवसभर पसरू शकत नाही. सगळ्यांना तोच पाऊण तास हवा असतो.

पुढचं प्रकरण आणखी वाईट आहे. या गुहांत पाकोळ्या राहतात. काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट काढतात आणि लाळेनं घरटी बांधतात. तेच घरटं चिनी जेवणात सूप म्हणून चढ्या भावानं खपतं. थायलंडमध्ये घरटी काढण्याचा मक्ता सरकारकडून मिळतो, तो मोठ्या रकमेचा असतो, आणि मक्तेदार बेटांवर बंदूकधारी पहारेकरी ठेवतात. गुहेत बांबूच्या उंच परांच्या दिसतात त्या या घरटी काढणाऱ्यांच्या. पर्यटक वाढले तसं मक्तेदारांनी दरडोई पैसे मागायला सुरुवात केली. हाँग राष्ट्रीय उद्यानात आहेत, तेव्हा पैसे कसले, म्हणून सी कनूनं नकार दिला. इतर कंपन्यांनी पैसे मोजले. १९९८ मध्ये सी कनूच्या एका व्यवस्थापकावर फुकेतमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. पर्यटनशास्त्राच्या अभ्यासकांनी पुढे या कंपनीचं उदाहरण, चांगलं पर्यटन कसं बिघडतं हे दाखवायला वापरलं. मला त्यात कंपनीवर थोडा अन्याय वाटतो. उद्यान १९८१ पासून अस्तित्वात होतं, २००२ मध्ये उपसागराला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. आत किती माणसं जाऊ द्यायची हे ठरवायचं काम कुणा एका व्यावसायिकाच्या शहाणपणावर सोडायचं नव्हतं. तसं ठरवता येतं हे थायलंडनंच नंतर दाखवलं. जवळच्याच फी फी बेटांवरची माया खाडी २०१८ मध्ये बंद केली, २०२२ मध्ये उघडली तेव्हा माणसांची संख्या बांधून दिली.

याच कुळातली पाकोळी आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यापासून दूर, वेंगुर्ला रॉक्स नावाच्या खडकाळ बेटांवरच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. तिथली घरटीही चोरून परदेशी जात होती. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं वन विभागाला बरोबर घेऊन ती चोरी थांबवण्याचं काम केलं. वेळासच्या कासवांमुळे ही संस्था सर्वांना ठाऊक झाली, पाकोळ्यांचं काम तितकं चर्चेत आलं नाही. कोकणात कायाक आता जागोजागी दिसतात, उद्या कुणाला त्या गुहेपर्यंत सहल न्यावीशी वाटेल. माझं मत विचाराल तर नेऊ नये. तिथे वसाहत एकाच गुहेत एकवटलेली आहे, आणि सूप पिणाऱ्यांपेक्षा फोटो काढणाऱ्यांना आवरणं कठीण असतं.

जायचंच असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, पण उपसागर आडोशाला असल्यानं पावसाळ्यातही सहली चालतात. पाणी जाहिरातीतल्यासारखं निळं नसतं. नद्या आणि तिवरांमुळे ते हिरवट, गढूळ असतं. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट मिळतं. घट्ट जागेची भीती असलेल्यानं मात्र आधीच सांगावं, वाटाड्या त्याला उंच छताच्या गुहेत नेतो. शाकाहारी जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवावं, आणि ‘फिश सॉस नको’ हे वेगळं सांगावं, नाहीतर भाजीतही तो येतो. काही कंपन्या दुपारी निघून अंधार पडेपर्यंत थांबतात. तेव्हा सकाळचा लोंढा परतलेला असतो, आणि काळोख्या गुहेत वल्ह्याच्या फटकाऱ्यासरशी पाण्यातले सूक्ष्म जीव निळसर चमकतात.

आणि पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारावा: परवा कोणत्या हाँगमध्ये, किती वाजता नेणार? उत्तर देणाऱ्यानं आधी कोष्टक उघडलं तर त्याच्याकडे जावं. ‘रोज अकरा वाजता’ म्हणाला तर तो गुहेच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणणारा माणूस आहे.