पडद्यावरचा तोतया फौजदार

रॅन्समवेअर म्हटले की आपल्याला रुग्णालये, बंदरे आणि कोटींच्या मागण्या आठवतात. मे 2016 मध्ये मंत्रालयातल्या महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या जवळपास दीडशे संगणकांत ‘लॉकी’ शिरला, तेव्हापासून रॅन्समवेअर हा शब्द मराठी घरांतही रुळला. लॉकी फायली कुलूपबंद करतो आणि किल्ली स्वतःकडे ठेवतो. मला मात्र कित्येक वर्षे नाद आहे तो त्याच्या धाकट्या जातभाईचा. तो एकाही फायलीला हात लावत नाही, नुसता पडदा अडवून बसतो आणि पोलिसाच्या आवाजात पैसे मागतो. त्याच्याबद्दल फारसे लिहिले जात नाही, कारण ज्याला तो गाठतो तो माणूसच तोंड उघडत नाही.

आमच्या तात्यापारा वस्तीत शारदा चौकापासूनच्या रस्त्याच्या रुंदीकरणावर कोणीही कोणाशीही तावातावाने बोलेल. पण ‘माझ्या संगणकावर पोलिसांची नोटीस आली’ हे वाक्य चारचौघांत ऐकू येत नाही. असे संगणक माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते पिशवीतून, अंधार पडल्यावर. एका निवृत्त काकांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आधी दार लोटून घेतले. त्यांचा पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता. ‘दंड भरला तर नाव पेपरात येणार नाही ना रे?’ असे त्यांनी विचारले. त्या लॅपटॉपला काहीही झालेले नव्हते.

या धंद्याची सुरुवात रशियात झाली. तिथल्या ‘विनलॉक’ने पडद्यावर अश्लील चित्र चिकटवायचे आणि ते काढण्यासाठी महागड्या क्रमांकावर एसएमएस करायला लावायचे. 2010 मध्ये मॉस्को पोलिसांनी त्या प्रकरणात काही जणांना पकडले. पण चित्रापेक्षा पोलिसाची वर्दी जास्त पैसे आणते, हे ‘रेव्हेटॉन’ नावाचा लॉकर पसरवणाऱ्यांनी ओळखले. इंटरनेट पत्त्यावरून देश ओळखायचा आणि त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह, त्यांची भाषा, त्यांचा दंड दाखवायचा. अमेरिकेत एफबीआय आणि 200 डॉलर, ब्रिटनमध्ये लंडनचे पोलीस आणि 100 पौंड. कॅमेरा असेल तर तुमचाच चेहरा कोपऱ्यात, जणू आरोपीचा फोटो. फेब्रुवारी 2013 मध्ये स्पेनच्या पोलिसांनी आणि युरोपोलने ही टोळी उघडकीला आणली. म्होरक्या मानला गेलेला 27 वर्षांचा रशियन तरुण त्याआधीच दुबईत पकडला गेला होता.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवले ते झैन कैसरने. लंडनच्या बार्किंग भागातला हा विद्यार्थी जाहिरात कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून अश्लील संकेतस्थळांवर रीतसर जागा विकत घ्यायचा. त्याच्या जाहिरातीवर क्लिक करणारा ‘अँगलर’ नावाच्या साधनसंचाकडे ढकलला जायचा. ब्राउझर, फ्लॅश यांपैकी काही जुने राहिले असेल तर त्या भोकातून रेव्हेटॉन आपोआप आत यायचा. काही डाउनलोड करायची गरजच नाही. एका जाहिरात कंपनीने त्याला थांबवायचा प्रयत्न केला, तर त्याने तिचे सर्व्हर ठप्प करून तिलाच धमकावले. सात लाख पौंडांहून अधिक रक्कम त्याच्या वाट्याला आली. पहिली अटक 2014 मध्ये झाली, पण सहा वर्षे पाच महिन्यांची शिक्षा व्हायला एप्रिल 2019 उजाडला. मला तो चोरापेक्षाही वाईट वाटतो. लोक कुठे लाजतील ते हेरून त्याने नेमकी तिथेच दुकान थाटले.

पुढे ब्राउझर स्वतःच अद्ययावत होऊ लागले, 2020 च्या अखेरीस फ्लॅश बंद झाले आणि ते भोक बरेचसे बुजले. मग आत शिरण्याचे कष्टच सोडून दिले गेले. आज आपल्याकडे दिसणारी ‘नोटीस’ बहुधा नुसते एक वेबपान असते. ते पूर्ण पडदा व्यापते, माऊसचा बाण लपवते आणि वरच्या बाजूला सरकारी पत्त्याचे चित्र काढते. तो पत्ता बारकाईने पाहा, त्यावर क्लिक करून पाहा. त्यात एक अक्षरही टाइप करता येत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये दिल्ली पोलिसांनी अशा नोटिसांतून 3,000 रुपयांचा ‘दंड’ उकळणाऱ्या तिघांना तमिळनाडूतून पकडले. सूत्रे कंबोडियातून हलत होती.

सप्टेंबर 2023 मध्ये कोझिकोडच्या एका अकरावीतल्या मुलाला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नावाने असेच पान दिसले. 33,900 रुपये सहा तासांत भरा, नाहीतर अटक. त्याने जीव दिला. आईबाप घरात असतील, शाळेत मित्र असतील; पण त्या पडद्यापुढे तो एकटा होता. हे वाचल्यापासून या विषयाकडे तांत्रिक गंमत म्हणून मला पाहता येत नाही.

आता उपाय. वेबपान असेल तर एस्केपची कळ दाबून धरा, किंवा ऑल्ट आणि एफ-4 दाबा. तरी हटले नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ याला नकार द्या. बस.

संगणक सुरू करताक्षणीच नोटीस येत असेल, तर खरा लॉकर बसला आहे. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंग्जमध्ये जा आणि 6 दाबून कमांड प्रॉम्प्टसह सेफ मोड घ्या. बिटलॉकरची किल्ली विचारली जाऊ शकते, ती जवळ असू द्या. तिथे रेजेडिट लिहून रजिस्ट्रीतल्या विनलॉगॉन या नोंदीपर्यंत पोचा. ‘शेल’पुढे फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई हवे. ‘युझरइनिट’पुढे सिस्टिम32 मधली युझरइनिट डॉट ईएक्सई आणि शेवटी एक स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामानंतर आणखी एखादी फाइल लटकत असेल, तर चोर बहुधा तोच. स्टार्टअप फोल्डरही पाहा. रेव्हेटॉन तिथे विंडोजच्याच एका फाइलीचे नाव घेऊन बसायचा. यात हात घालायची भीती वाटत असेल तर दुसऱ्या संगणकावर अँटिव्हायरसची रेस्क्यू डिस्क बनवा आणि तिच्यावरून यंत्र सुरू करा. अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये घ्या, संशयित अॅपचा ‘डिव्हाइस अॅडमिन’ अधिकार आधी काढा, मगच ते अॅप काढता येते.

पैसे भरू नका. भारतातले कोणतेही पोलीस ठाणे ब्राउझर अडवून क्यूआर कोडवर दंड घेत नाही. भरून बसला असाल तर लगेच 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. आणि घरातल्या मुलांना आजच सांगून ठेवा: पडद्यावर असे काही आले तर आधी आम्हाला हाक मारा, तू काय पाहत होतास हे आम्ही विचारणार नाही.