डुकराच्या पोटातलं जनुक

२०१३ साली शांघायच्या एका फार्मवर डुकराच्या पोटातला ई. कोलाय जिवाणू तपासायला घेतला, तर तो कोलिस्टिनला दाद देईना. शास्त्रज्ञ हादरले, कारण बाकीची प्रतिजैविकं हरली की अतिदक्षता विभागातले डॉक्टर ज्याच्याकडे वळतात, ते हे औषध. त्या जिवाणूत सापडलेल्या जनुकाचं नाव एमसीआर-१. जगाला ते २०१५ च्या नोव्हेंबरात कळलं.

त्या जनुकाची करामत बघण्यासारखी आहे. अशा जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार असतो, कोलिस्टिनवर धनभार. ते आवरणाला जाऊन चिकटतं, तिथले रेणू धरून ठेवणारे मॅग्नेशियम-कॅल्शियमचे कण हुसकावतं, आणि टाके उसवावेत तसं आवरण उसवून आतला ऐवज बाहेर सांडतो. एमसीआर-१ असलेला जिवाणू या आवरणाच्या रेणूंना एक इवलासा तुकडा जोडतो. ऋणभार घटतो, औषधाला धरायला जागा उरत नाही. बस्स, एवढंच! शिवाय हे जनुक असतं प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, म्हणजे जिवाणू ते शेजाऱ्यालाही देऊ शकतो, अगदी परजातीच्या शेजाऱ्यालासुद्धा.

चीनमध्ये डुकरांना कोलिस्टिन खाद्यातूनच मिळत होतं. पण निरोगी डुकराच्या खाद्यात हे औषध आलं कुठून? १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बी-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत शोधताना संशोधकांनी प्रतिजैविक तयार करून उरलेला चोथा कोंबड्यांना घातला, आणि त्या भराभर वाढल्या. तेव्हापासून आजार नसतानाही खाद्यात चिमूटभर औषध टाकायची रीत जगभर पडली. चिमटीभर मात्रेने लेचेपेचे जिवाणू मरतात, चिवट उरतात आणि पसरतात.

२०१७ च्या एप्रिलअखेर चीनने वाढीसाठी कोलिस्टिन खाद्यात घालणं थांबवलं. पुढे जे झालं ते वाचून मी आकडे पुन्हा पडताळले. डुकरांमधल्या ई. कोलायपैकी कोलिस्टिनला न जुमानणारे २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते, २०१७-१८ मध्ये ५.१ टक्के. कोंबड्यांत १८.१ वरून ५ टक्के.

इतक्या लवकर कसं? हे जनुक फुकट पोसता येत नाही. त्याचा जोर जास्त झाला तर जिवाणूचं स्वतःचंच आवरण बिघडतं, वाढ मंदावते. समोर औषध आहे तोवर हा तोटा परवडतो. औषध गेलं की बिनओझ्याचे भाऊबंद पुढे निघून जातात, आणि अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जिवांत थोडी पिछाडीही फार महागात पडते. सगळ्याच औषधांच्या बाबतीत असं घडत नाही. काही जनुकं औषध बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात, म्हणून मला हे उदाहरण इतकं मोलाचं वाटतं.

भारतानेही २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी घातली. त्याची जागा दुसऱ्या पुडीने भरायची नाही, तर शेडमधला तूस कोरडा ठेवायचा, दोन बॅचमध्ये जागा धुऊन, चुना मारून काही दिवस मोकळी सोडायची, लसी वेळेवर टोचायच्या. कष्टाचं काम आहे, आणि त्याचा भार एकट्या पोल्ट्रीवाल्यावर टाकणं अन्यायाचं होईल.

चीनच्या आकड्यांतला एक मात्र मनातून जात नाही. तपासलेल्या माणसांत एमसीआर-१ बाळगणारे २०१६ मध्ये १४.३ टक्के होते. २०१९ मध्ये ६.३ टक्के उरले. औषध बंद झालं होतं ते गव्हाणीतलं.