वेळापत्रक का कोसळते?

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की घरोघरी भिंतीवर एक नवा कागद चिकटवला जातो. पहाटे ५ वाजता उठणे, ५.३० ते ६.३० गणित, संध्याकाळी ७ ते ८ विज्ञान, ८ ते ९ इंग्रजी. पट्टीने रेघा आखून केलेले हे वेळापत्रक आठवडाभर पाळले जाते. मग एके दिवशी गणित पुरे होत नाही, ते विज्ञानाच्या तासात शिरते, विज्ञान दुसऱ्या दिवसावर जाते आणि गणपती येईपर्यंत त्या कागदाकडे कोणी पाहीनासे होते. घरचे म्हणतात, "याला चिकाटीच नाही." हळूहळू मुलालाही ते पटू लागते. वाया गेलेल्या तासांपेक्षा हे नुकसान मोठे आहे. म्हणून वेळापत्रक का कोसळते, याचा थोडा शास्त्रीय विचार करू या.

पहिले कारण म्हणजे चुकलेला अंदाज. कॅनडातील काही मानसशास्त्रज्ञांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, "तुमचे काम किती दिवसांत पुरे होईल?" उत्तरांची सरासरी आली सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ दिवसांहून अधिक. सांगितलेल्या वेळेत काम संपवणारे विद्यार्थी एक तृतीयांशाहूनही कमी निघाले. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. आम्ही संशोधकही याला अपवाद नाही. दोन महिन्यांत आटोपेल म्हणून हाती घेतलेला प्रयोग सहा महिने चाललेला आम्ही अनेकदा पाहिला आहे.

असे का होते? अंदाज करताना आपण काम सुरळीत पार पडताना डोळ्यांसमोर आणतो. गेलेली वीज, आलेले पाहुणे, न सापडणारी वही, अडलेले एखादे गणित, यांतले नेमके काय आड येईल हे आधी कळत नाही, म्हणून आपण कशालाच जागा ठेवत नाही. कानमन आणि ट्वर्स्की या शास्त्रज्ञांनी १९७९ साली यावर उपाय सुचवला होता. काम कसे होईल याची कल्पना करत बसण्यापेक्षा, तशाच कामांना पूर्वी किती वेळ लागला ते पाहावे.

वर्गात हे सहज करता येईल. प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखावेत : काम, अंदाज आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ. आठवडाभर नोंदी ठेवाव्यात. समजा, १० गणितांसाठी अंदाज होता ३० मिनिटांचा आणि लागली ५० मिनिटे. ५० ला ३० ने भागले की सुमारे १.७ हा गुणक मिळतो. अशा बऱ्याच नोंदींवरून गुणकाची सरासरी काढावी. ती १.७ आली, तर पुढच्या आठवड्यात ४० मिनिटांच्या वाटणाऱ्या कामाला ७० मिनिटे राखून ठेवावीत. गुणक मोठा आला म्हणून कोणाला नावे ठेवू नयेत. उंची मोजावी तसे हे मोजमाप आहे.

दुसरे कारण म्हणजे तासांची मांडणी. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. 'झुप', 'केड' अशा धाटणीच्या निरर्थक शब्दांच्या याद्या तो पाठ करी, काही काळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करी. दुसऱ्या खेपेस किती वेळ वाचला, यावरून तो स्मरण मोजत असे. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के वेळ वाचला, तर एका महिन्यानंतर सुमारे २१ टक्के. म्हणजे विस्मरण सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते.

त्याचे आणखी एक निरीक्षण आपल्या फार उपयोगाचे आहे. १२ शब्दांची यादी आदल्या दिवशी सलग ६८ वेळा वाचून जो परिणाम मिळाला, तोच तीन दिवसांत विभागून केवळ ३८ वाचनांत मिळाला. एका धड्याला रविवारी सलग दोन तास देण्याऐवजी आज ४० मिनिटे, परवा ४० आणि पुढच्या आठवड्यात ४० दिली, तर तेवढ्याच वेळात अधिक पदरात पडते.

मग परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन मुलांना इतके परिणामकारक का वाटते? अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के, तर इतर ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. तेव्हा उजळणीच्या तासाला पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणे हेच उत्तम.

शेवटी एक हिशेब आपल्या शिक्षकांसाठी. पाच विषयांचे पाच शिक्षक, प्रत्येकाच्या मते गृहपाठ "फक्त अर्ध्या तासाचा". बेरीज अडीच तास. मुलाचा गुणक १.७ असेल तर प्रत्यक्षात सव्वाचार तास. शाळेतून घरी गेल्यावर पाणी भरणाऱ्या, धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या किंवा दुकानात बसणाऱ्या मुलांकडे एवढा वेळ असतो का? मुलांचे तीन रकाने भरून झाले की ती वही आपणही एकदा वाचावी. कदाचित बदल भिंतीवरच्या कागदात नव्हे, आपल्या गृहपाठात करावा लागेल.